रिलीजच्या तोंडावर : थेट तेरीज ठेवायची की काढायची?

या महिन्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्या वाचकांची पत्रं जास्त आली आहेत. पहिल्या पत्राला मोठं उत्तर देते आहे. त्यातला पेच छोट्या गावांत बसून मोठं काम करणाऱ्या अनेक कंपन्यांचा आहे, आणि त्याची किंमत शेवटी काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सहा जण मिळून पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. आमचे बहुतेक ग्राहक एक ते पाच शाखांचे. यंदा पहिल्यांदाच चाळीस शाखांची संस्था मिळाली. नवी आवृत्ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायची ठरली आहे, म्हणजे मार्च एंडच्या आधी लोकांचा हात बसेल. या आवृत्तीचं मुख्य आकर्षण ‘थेट तेरीज’ (तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बेरजांचा ताळा). मॅनेजरने स्क्रीन उघडी ठेवायची, कुठल्याही शाखेत व्हाउचर पास झालं की सगळ्या शाखांची एकत्रित तेरीज तिथल्या तिथे बदलते. तीन शाखांच्या संस्थेत हे झकास चालतं. चाळीस शाखांचा डेटा भरून पाहिला, तर तेरीज उशिरा यायला लागलीच, पण काउंटरवरची साधी पावतीही अडकायला लागली. ज्याने हे केलं तो आमच्यातला सर्वांत हुशार सहकारी, चार महिने राबला आहे. तो म्हणतो, दोन आठवडे द्या, इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) लावतो, होईल. एक भागीदार म्हणतो, संस्थेला मोठा सर्व्हर घ्यायला लावू. चेअरमनसाहेबांना डेमोत नेमकं हेच आवडलं होतं. डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे. काढावं की ठेवावं? आणि काढलं तर संस्थेला तोंड कसं दाखवायचं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काढा. जानेवारीच्या आवृत्तीतून काढा, आणि हा निर्णय या आठवड्यातच घ्या.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी हे ठरवलं : ‘काउंटरवरची साधी पावतीही अडकायला लागली.’ नुसती तेरीज उशिरा येत असती, तर मी म्हटलं असतं की द्या, सोबत सूचना लिहा, पुढच्या आवृत्तीत सुधारा. ज्याला ती हवी आहे तो अर्धा मिनिट थांबेल. पण इथे जो कॅशियर थेट तेरीज जन्मात उघडणार नाही, त्याचं काम तिच्यामुळे थांबतंय. त्याच्यासमोर आठवड्याच्या बाजाराला आलेली बाई हातात पैसे घेऊन उभी आहे आणि तिची एसटी सुटायची वेळ झाली आहे. एखाद्या सोयीचा भार ती न वापरणाऱ्यावर पडत असेल, तर ती रिलीजमध्ये जायला नको. माझ्या लेखी हीच पहिली कसोटी. बाकीचे मुद्दे तिच्यानंतर.

आता सहकाऱ्याचे दोन आठवडे. ते का पुरणार नाहीत, ते कागदावर मांडून बघू या. समजा, दर शाखेत मिनिटाला चार व्हाउचर पास होतात आणि दर शाखेत एक मॅनेजर ही स्क्रीन उघडी ठेवतो. तीन शाखांत मिनिटाला १२ व्हाउचर आणि ३ स्क्रीन, म्हणजे तेरीज मिनिटाला ३६ वेळा नव्याने मोजायची. चाळीस शाखांत १६० व्हाउचर आणि ४० स्क्रीन, म्हणजे मिनिटाला ६,४०० वेळा. शाखा तेरा पटींनी वाढल्या, मोजण्या पावणेदोनशे पटींहून जास्त झाल्या. शिवाय प्रत्येक मोजणीत तीन शाखांच्या जागी चाळीस शाखांची व्हाउचरं वाचायची. तेही गुणलंत, तर एकूण काम सुमारे २,३७० पट होतं. तीन शाखांवर डेमो झकास होण्याचं आणि चाळीस शाखांवर सगळं ठप्प होण्याचं कारण हेच आहे. सहकाऱ्याच्या हुशारीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

इंडेक्स यातल्या एकाच आकड्याला हात लावतो : एका मोजणीला लागणारा वेळ. तोही फार नाही, कारण तेरजेला एखादी ओळ शोधायची नसते, सगळ्या ओळींची बेरीज करायची असते. उलट प्रत्येक नव्या व्हाउचरबरोबर तो इंडेक्सही लिहावा लागतो, म्हणजे पावती आणखी जड. मोठ्या सर्व्हरचंही तसंच. दुप्पट ताकदीचा घेतला, तर फार तर दुप्पट काम होईल. तुमची वाढ दोनाने भागून आटोक्यात येणारी नाही. आणि तो सर्व्हर सभासदांच्या पैशातून येणार. आपली रचना चुकली म्हणून त्यांनी खर्च का करायचा? भागीदाराला हे स्पष्ट सांगा.

पावती का अडकते, तेही समजून घ्या, कारण इथेच चुकीचा उपाय हाताशी येतो. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या मांडणीत वाचतानाही लॉक घेतो, म्हणजे वाचत असलेली ओळ तेवढा वेळ अडवून ठेवतो. तेरजेची क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) ज्या ओळी वाचत असते तिथे लिहिणाऱ्याला थांबावं लागतं, आणि कॅशियरचं व्हाउचर अर्धवट लिहून झालेलं असेल तर तिथे तेरीज थांबते. मिनिटाला हजारो मोजण्या चालू असताना ही थांबाथांब साखळीसारखी लांबत जाते. मोठ्या सर्व्हरने यातलं काहीच सुटत नाही, कारण प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि सगळे एकमेकांची वाट बघत असतात.

कोणीतरी ‘नोलॉक लावा, सुटेल’ असं सुचवलं असेलच. त्याने वाचताना लॉक घेतलाच जात नाही, म्हणून वेग येईल, हे खरं. पण नोलॉक लावलेली क्वेरी अर्धवट व्हाउचरही वाचते. नावे बाजू लिहून झाली आहे, जमा बाजू अजून लिहायची आहे, अशा क्षणी तुमची बेरीज तिथून गेली, तर तेरीज जुळणार नाही. पुढच्या क्षणी जुळेल. पुन्हा बिघडेल. एखाद्या जुन्या हिशेबनिसाला विचारा, न जुळलेली तेरीज दिसली की त्याच्या पोटात कसा गोळा येतो. तो शाखाशाखांत फोन करील, रोजकीर्द काढील, संध्याकाळपर्यंत फरक शोधत बसेल, आणि फरक कुठेच नसेल. पतसंस्थेच्या हिशेबात नोलॉक नको. इथे मी अजिबात सूट देणार नाही.

‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ नावाची मांडणी आहे. ती चालू केली की वाचणारा ओळीची आधीची प्रत वाचतो आणि लिहिणाऱ्याला अडवत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरला ती पुढे उपयोगी पडेल असं मला वाटतं. पण तिने मोजण्यांची संख्या कमी होत नाही, आणि तात्पुरत्या डेटाबेसवर जुन्या प्रती सांभाळण्याचा भार येतो. शिवाय सगळ्या सॉफ्टवेअरचं वागणं तिने बदलतं. रिलीजला तीन आठवडे असताना असा बदल करू नका. फेब्रुवारीत, शांतपणे, वेगळ्या सर्व्हरवर करून बघा.

खरी दुरुस्ती रचनेतली आहे. दर शाखा, दर खाते आणि दर दिवस अशी बेरजेची एक ओळ ठेवा. व्हाउचर पास होताना त्याच व्यवहारात त्या शाखेच्या दोन ओळी वाढवा, नावेची एक आणि जमेची एक. मग एकत्रित तेरजेला दहा वर्षांची व्हाउचरं चाळावी लागणार नाहीत. चाळीस शाखा आणि दोनेकशे खाती धरली तर आजच्या दिवसाच्या आठेक हजार ओळी आणि कालची अखेरची शिल्लक. फक्त सगळ्या संस्थेची ‘रोख’ म्हणून एकच ओळ ठेवू नका. ठेवलीत, तर चाळीस शाखांचे कॅशियर त्या एका ओळीपुढे रांग लावतील आणि आज आहात तिथेच परत याल. बेरीज शाखेची शाखेपाशी, आणि एकत्र करायची ती वाचताना. दुसरं, मोजणी स्क्रीनने करू नये. एकदा मोजलेला आकडा सगळ्या स्क्रीनना दाखवावा.

हे काम दोन आठवड्यांत लिहून होईल कदाचित. तपासून होणार नाही. मागच्या तारखेचं व्हाउचर, रद्द केलेलं व्हाउचर, शाखा-शाखांमधले व्यवहार, दिवसअखेर करून पुन्हा उघडलेला दिवस, या प्रत्येक वेळी बेरजेची ओळ व्हाउचरांशी जुळते का हे पाहावं लागेल. ती एकदा चुकली की चूक साठत जाते, आणि कळते ती ३१ मार्चला.

आता काढण्याची लाज. मोठमोठ्या प्रकल्पांत हे उघडपणे होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण घ्या. ‘मर्ज’ नावाची सोय एप्रिल २०१८ मध्ये ११ व्या आवृत्तीसाठी आत घेतली आणि रचनेवर आक्षेप आल्यावर त्याच महिन्यात बाहेर काढली. ती नव्याने बांधली गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये १५ व्या आवृत्तीतून लोकांच्या हातात आली. त्याच १५ व्या आवृत्तीतून एसक्यूएल-जेसनची (जेसन स्वरूपातला डेटा हाताळण्याची) मोठी भर मात्र प्रकाशनाला दीडेक महिना उरला असताना काढली, कारण रचनेबद्दल आणि वेगाबद्दलच्या शंका फिटल्या नव्हत्या. तिचे भाग पुढच्या दोन आवृत्त्यांत आले. आज पोस्टग्रेस वापरणाऱ्या कोणाला त्या उशिराचा राग आहे, असं मला तरी दिसत नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं उदाहरण तुमच्या आणखी जवळचं. ३.१३ आवृत्तीत कचरा-मेमरी (प्रोग्रॅमला आता नको असलेली) थोडी थोडी गोळा करणारी नवी पद्धत घातली होती. काही कामांत वेग घटतोय हे अगदी शेवटी लक्षात आलं. ठरलेली तारीख होती १ ऑक्टोबर २०२४. त्यांनी ती पद्धत काढली, पण काढून लगेच अंतिम आवृत्ती दिली नाही. १ तारखेला आणखी एक चाचणी-आवृत्ती काढली, लोकांना तपासायला दिली आणि अंतिम आवृत्ती ७ ऑक्टोबरला दिली. काढणं हाही बदलच आहे आणि तोही तपासावा लागतो, हे त्यांनी पाळलं. तुम्हीही पाळा. म्हणून म्हटलं, या आठवड्यात ठरवा. आदल्या रात्री काढलेलं फीचर ठेवलेल्या फीचरइतकंच घातक असतं.

प्रत्येक गोष्ट परत येतेच असं मात्र नाही, आणि तुमच्या सहकाऱ्याला हे आधी सांगायला हवं. मायक्रोसॉफ्टने २७ ऑगस्ट २००४ रोजी जाहीर केलं की पुढच्या विंडोजमध्ये ‘विनएफएस’ ही नवी साठवण-व्यवस्था नसेल, ती नंतर येईल. २००६ च्या जूनमध्ये तो प्रकल्पच थांबवला. ती पुढची विंडोज, व्हिस्टा, तिच्याविना आली आणि विनएफएस कधीच स्वतंत्रपणे आली नाही. तुमची थेट तेरीज याच रूपात कधी परत येणार नाही, अशीही शक्यता आहे.

काढताना नेमकं काय काढायचं, इकडे नीट लक्ष द्या. एका ठिकाणी मी पाहिलं आहे : मेनूतलं बटण लपवलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि काउंटर तसाच अडकत राहिला. व्हाउचरच्या टेबलावरचा ट्रिगर (नोंद पडताच आपोआप चालणारा कोड) चालूच होता. कोणी बघत नसलेली तेरीज दर पावतीला मोजली जात होती. तेव्हा ट्रिगर काढा, मागे चालणारा जॉब बंद करा, स्क्रीनला बातमी पाठवणारा भाग बंद करा, आणि मगच बटणाकडे वळा. सेटिंगच्या एका खुणेने हे चालू-बंद होत असेल, तर ती खूण ‘बंद’ असताना व्हाउचरच्या वाटेवर एकही जादा क्वेरी जात नाही, हे प्रोफायलर (चाललेल्या क्वेरी दाखवणारं साधन) लावून डोळ्यांनी बघा. डेटाबेसमध्ये नवी टेबलं तयार झाली असतील तर ती रिकामी राहू द्या. घाईने मोडू नका, रिकाम्या टेबलाचा कोणाला त्रास नसतो.

संस्थेला रिकाम्या हाताने सामोरं जायचं कारण नाही. एकदा जाऊन मॅनेजरांना विचारा, तेरीज थेट दिसली तर तुम्ही तिच्यात काय बघाल? माझा अनुभव असा की बहुतेकांना दिवसभर लागते ती रोख शिल्लक. कुठल्या शाखेत रोकड जास्त पडली आहे, कुठे कमी पडेल, दुपारी बँकेत किती भरायचे. पूर्ण तेरीज त्यांना दिवसअखेर पुरते. मग जानेवारीत हे द्या : शाखानिहाय रोख शिल्लक दर पंधरा मिनिटांनी, वर ठळक अक्षरांत ‘११.४५ पर्यंतची’ अशी वेळ, आणि एकत्रित तेरीज दिवसअखेर केल्यावर. रोख शिल्लक म्हणजे कालची अखेर आणि आजची रोखीची व्हाउचरं, इतकंच वाचायचं. ते तासातून चार वेळा मोजलं जाईल, मग स्क्रीन तीन उघड्या असोत की चारशे. मिनिटाला ६,४०० कुठे आणि तासाला ४ कुठे!

मर्यादा घालून सोय टिकवण्याची ही वाट आता आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. यूपीआयवर भार वाढला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने शिल्लक बघण्याची सोय काढून टाकली नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपमधून दिवसाला ५० वेळा अशी मर्यादा घातली, आणि आपोआप कापले जाणारे हप्ते सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९.३० ही गर्दीची वेळ सोडून घ्यायला लावले. दुकानात कोड स्कॅन करून उभ्या असलेल्या माणसाचे पैसे आधी जावेत, यासाठी.

चेअरमनसाहेबांकडे भागीदाराबरोबर स्वतः जा. फोनवर नको, ईमेलवर तर नकोच. आणि संस्थेने विचारायच्या आधी जा. बोलणं एवढंच : “साहेब, डेमोत दाखवलेली थेट तेरीज आम्ही चाळीस शाखांच्या भारावर तपासली. ती चालू ठेवली तर काउंटरवर पावतीला वेळ लागतो, हे तपासणीचे आकडे. म्हणून जानेवारीत ती देत नाही. त्याऐवजी रोख शिल्लक दर पंधरा मिनिटांनी दिसेल. मार्च एंड झाला की नव्या रचनेची चाचणी तुमच्या डेटावर, तुमच्या हिशेबनिसासमोर करू. ती जुळली की तारीख सांगू.” आज तारीख देऊ नका. करारात किंवा कोटेशनमध्ये थेट तेरजेचा उल्लेख असेल, तर दुरुस्ती लेखी करून घ्या आणि तेवढ्या कामाचे पैसे पुढे ढकला. पतसंस्था चालवणारी माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्याचे पैसे सांभाळत आलेली असतात. ‘आधी तपासलं, म्हणून सांगायला आलो’ याची किंमत त्यांना कळते.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल शेवटी लिहिते आहे, पण मला काळजी त्याचीच जास्त वाटते. त्याच्या अपरोक्ष ठरवू नका. वरचा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडा, म्हणजे तो स्वतःच आकडे तपासेल. असा माणूस आकड्यांचं ऐकतो. चाळीस शाखांवर तपासायची कल्पना त्याची असेल, तर ते सगळ्यांसमोर बोलून दाखवा. नव्या रचनेचं काम त्यालाच द्या, आणि त्यासाठी फेब्रुवारी मोकळा ठेवा. काढायला मात्र दुसरा हात लावू देत. चार महिन्यांचं काम ज्याने उभं केलं त्यालाच ते पाडायला लावू नये.

प्रश्न : ताई, आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी अॅप करतो. पन्नास केंद्रांवर ठीक चालतं. एका संघाकडे सहाशे केंद्रं आहेत. एवढा भार आमच्या ऑफिसात आणायचा कुठून? पन्नास केंद्रांचा डेटा बारा वेळा कॉपी केला तर चालेल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : चालणार नाही. कॉपी केलेला भार सगळीकडे सारखा पडतो. दुधाचा भार सारखा नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पुन्हा तेवढाच वेळ, सगळी केंद्रं एकदम जागी. मधल्या वेळात शुकशुकाट. फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या घन पदार्थांची) नोंद एकेक येते, पण ज्या गावात नेटवर्क गेलेलं असतं तिथल्या दोनशे नोंदी नेटवर्क आल्यावर एका दमात येतात. बिलाच्या दिवशी तर दहा दिवसांचा हिशेब आणि रोजच्या नोंदी एकत्र. हे तीन प्रसंग वेगवेगळे तयार करा : सकाळची गर्दी, नेटवर्क आल्यावरची उसळी, बिलाचा दिवस. आणि एखाद-दुसरं केंद्र बाकीच्यांच्या दसपट मोठं ठेवा, कारण प्रत्येक संघात तसं एक केंद्र असतंच.

मोजणी एकाच आकड्यावर करू नका. ५०, १००, २०० आणि ४०० केंद्रांवर करा, आणि चारही बिंदू आलेखाच्या कागदावर टिंबांनी मांडा. केंद्रं दुप्पट झाल्यावर काम दुप्पट होत असेल, तर सहाशेला काय लागेल ते सरळ दिसेल. चौपट होत असेल, तर सहाशेची चाचणी करायच्या आधीच उत्तर मिळालं. सरासरी वेळ बघू नका. शंभर नोंदींतल्या सगळ्यांत हळू पाच नोंदींना किती वेळ लागला ते बघा. किटली घेऊन रांगेत उभा असलेला शेतकरी त्या पाचांतला असतो.

शेतकऱ्यांची खरी नावं, मोबाइल नंबर, आधार, बँक खाती चाचणीच्या सर्व्हरवर नेऊ नका. ती बदलून घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आणि एक युक्ती, जी मला फार आवडते. २००८ मध्ये फेसबुकला सुमारे ७ कोटी लोकांना एकदम चॅट द्यायचं होतं. निरोप पोहोचवण्यापेक्षा, आपले कोणते मित्र आत्ता ऑनलाइन आहेत हे प्रत्येकाला सतत कळवत राहणं त्यांना जास्त जड होतं. त्यांनी स्क्रीनवर काहीच न दाखवता लोकांच्या ब्राउझरमधून चॅटच्या सर्व्हरकडे विनंत्या पाठवायला सुरुवात केली. लोकांना पत्ता नव्हता, पण सर्व्हरवर खरा भार पडत होता. तुमच्या चालू ग्राहकांच्या अॅपमधून नव्या सर्व्हरकडे नोंदीची एक मुकी प्रत पाठवता येईल. ग्राहकाला विचारून, आणि नवा सर्व्हर पडला तरी जुनं काम थांबणार नाही अशी काळजी घेऊन. आधी पाच केंद्रांवर, मग वाढवत न्या.

प्रश्न : आमच्या औषध दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाच्या कुठल्याही तुकड्यावरून शोधायची जुनी सोय आहे. साठा मोठा झाला की सगळं मंद करते. दोनच ग्राहक ती वापरतात. पुढच्या आवृत्तीत गुपचूप काढून टाकू का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : गुपचूप नको. जे अजून दिलंच नाही ते काढणं वेगळं आणि हाताला सवय झालेलं काढणं वेगळं. त्या दोघांकडे जाऊन अर्धा दिवस काउंटरच्या मागे उभे राहा आणि ते काय शोधतात ते बघा. चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर अर्धवट लागतं, म्हणून मधलीच तीन अक्षरं टाकून ते औषध शोधत असतील. मग ती सोय त्यांच्या धंद्याची गरज आहे आणि चुकीचं औषध जाऊ नये यासाठीही गरजेची आहे. अशा वेळी तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा वेगळा इंडेक्स बांधता येतो. शोध तोच राहतो आणि भार उतरतो.

खरंच गरज नसेल, तर आधी सांगून काढा. पायथनने १९ जुनी मॉड्यूल (भाषेसोबत येणारे तयार कोडचे भाग) ३.१३ मध्ये काढली, पण तसा इशारा ३.११ पासून, म्हणजे दोन वर्षं आधीपासून देत होते. तुम्हाला दोन वर्षं लागणार नाहीत. या आवृत्तीत नव्या ग्राहकांना ती सोय बंदच द्या, जुन्यांना उघडल्यावर एक ओळ दाखवा की अमुक महिन्यानंतर ही नसेल, आणि त्या ओळीतच तुमचा फोन नंबर द्या. कोणी फोन केला, तर बंद करायची तारीख पुढे ढकला आणि आधी त्यांचं काम कसं चालेल ते बघा.